प्रवासाआधी : गाडी दोघांच्या नावावर

आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाच्या दिवशी पार्किंगमध्ये पाच मिनिटं उभं राहून बघा. गाडी येते, उजव्या दारातून पुरुष उतरतो आणि डाव्या दारातून मांडीवरचा डबा सांभाळत बाई उतरते. हीच बाई आठवडाभर शाळा, जीपी, सुपरमार्केट, पोहण्याचा क्लास अशा चकरा त्याच गाडीतून एकटीनं मारत असते. पण प्रवास तासाभराच्या वर जाणार असला की किल्ली आपोआप दुसऱ्या हातात जाते. कुणी मागत नाही, कुणी देत नाही. आमच्या घरीही अठ्ठावीस वर्षं हेच चालत आलंय.

या सदरात आपण दरवर्षी प्रवासाबद्दल नाही, प्रवासाच्या आधीच्या तयारीबद्दल बोलतो. गेल्या वर्षी भारतातून येणाऱ्या आई-वडिलांना घेऊन युरोपात हिंडताना काय काय बघावं, ते लिहिलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी सांगितलं, की आता फक्त दोघांच्या प्रवासाबद्दल लिहा, मुलं घराबाहेर पडल्यावरच्या. योग असा, की सध्या आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर अशाच एका प्रवासाचा नकाशा पसरलेला आहे. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२६ च्या सप्टेंबरात, आम्ही दोघं भाड्याची गाडी घेऊन आइसलँडला प्रदक्षिणा घालायची म्हणतोय.

आइसलँडच का, याचं उत्तर यांच्याकडे आहे. १० मे २०२४ च्या रात्री उत्तरेचा प्रकाश, म्हणजे अरोरा, पार इंग्लंडच्या दक्षिण टोकापर्यंत दिसला. आपल्यापैकी कित्येकांनी मागच्या अंगणातून गुलाबी-हिरवे फोटो काढले. आम्ही लेस्टरमध्ये गाढ झोपलो होतो. सकाळी मंडळाच्या ग्रुपवर आलेले साठ-सत्तर फोटो यांनी चहा गार होईपर्यंत बघितले. तेव्हापासून घरात सूर्यावरच्या डागांची चर्चा आहे. सूर्याच्या हालचालीचं चक्र साधारण अकरा वर्षांचं. या वेळचा भर २०२४ च्या सुमाराला आला. हे चौसष्टचे. "पुढच्या भराला मी सत्तरी ओलांडलेला असेन," असं हे म्हणाले, तेव्हा मी नकाशा मागवला.

रस्ता

आइसलँडला वळसा घालणारा रिंग रोड, तिथला एक नंबरचा रस्ता, सुमारे १,३२० किलोमीटरचा आहे. आकडा ऐकून आमचे एक मित्र म्हणाले, "अहो, पुणे-दिल्लीपेक्षा थोडं कमी. तीन दिवसांत होईल." होईलही. पण हा रस्ता किलोमीटरमध्ये मोजायचा नसतो. तिथे गावाबाहेर डांबरी रस्त्यावर कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, खडीच्या रस्त्यावर ८० आणि गावात ५०. बहुतेक ठिकाणी येणारी आणि जाणारी अशी एकेकच लेन. वाटेत एकेरी पूल लागतात, 'एनब्रेइद ब्रू' अशी पाटी असलेले. जो पुलाजवळ आधी पोचेल त्यानं आधी जायचं, दुसऱ्यानं वेग कमी करून थांबायचं, अशी तिथली रीत. 'ब्लिंदहाइद' लिहिलं असेल तर चढाच्या पलीकडचं काही दिसणार नाही असं समजायचं. उन्हाळाभर मेंढ्या मोकळ्या फिरतात. आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं, तर कोकरू पळत आईकडे येणारच, हे गृहीत धरून ब्रेकवर पाय ठेवायचा. सप्टेंबरात शेतकरी डोंगरातून कळप खाली आणतात, तेव्हा रस्ताभर मेंढ्याच असू शकतात. दिवसाही गाडीचे दिवे लावणं सक्तीचं. रस्ता सोडून मोकळ्या जमिनीवर गाडी घालणं हा गुन्हा आहे. शेवाळावर उमटलेला चाकाचा माग कित्येक वर्षं जात नाही.

हा रस्ता पूर्ण झाला तोच १९७४ साली. दक्षिणेला वात्नायोकुल ही प्रचंड हिमटोपी आहे. तिच्या पायथ्याच्या काळ्या वाळूच्या मैदानात नद्या सतत पात्र बदलत असल्यानं तोवर तिथे पूलच नव्हता. पुढे १९९६ च्या शरद ऋतूत बर्फाखाली ज्वालामुखीचा उद्रेक झाला, वितळलेलं पाणी साठत गेलं आणि नोव्हेंबरात एकदम फुटलं. घराएवढे हिमखंड वाहून आले, एक पूल गेला आणि दुसऱ्याचा काही भाग. त्या पुलाच्या पिळलेल्या लोखंडी तुळया स्काफ्टाफेलजवळ रस्त्याच्या कडेला स्मारक म्हणून ठेवल्या आहेत. मी हे मुद्दाम सांगते, कारण बेत आखताना एक गोष्ट त्यातून कळते. इथे रस्ता कधीही बंद होऊ शकतो. पूर नाही तर वारा. म्हणून आमच्या दहा दिवसांत एक दिवस पूर्ण रिकामा आहे. त्या दिवसापुढे काही लिहायचं नाही, असा घरात नियम केला आहे. दोनदा यांनी तिथे पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं, मी खोडलं.

डोळे

आता मूळ मुद्द्याकडे येते. तो सांगितल्याशिवाय बाकीचा बेत तुम्हाला कळणार नाही. हे लिहायला यांची परवानगी घेतली आहे.

या वर्षी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाहून आम्ही रात्री साडेदहाला परत निघालो. बावीस मैलांचा रस्ता, निम्म्याच्या वर दिवे नसलेला. समोरून गाडी आली की हे वेग कमी करत होते. तीन-चारदा झालं तसं मी काही बोलले नाही. मग एका पेट्रोल पंपावर यांनी गाडी आत घेतली. पेट्रोल पाऊण टाकीच्या वर होतं. इंजिन बंद करून दोन मिनिटं बसले आणि म्हणाले, "समोरच्या दिव्यांभोवती चक्रं दिसतात. मागच्या हिवाळ्यापासून. तू घेतेस का?"

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही मधेच जागा बदलल्या. मी घरापर्यंत गाडी आणली. कुणी काही बोललं नाही. रेडिओ लावला होता.

पुढच्याच आठवड्यात डोळे तपासले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात आहे. दिवसा गाडी चालवायला लागणारी नजर आहे, म्हणजे वीस मीटरवरून समोरच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येते, जी इथल्या कायद्याची अट आहे. पण रात्री समोरून प्रकाश आला की फाकतो. तपासणाऱ्या बाईंनी रात्रीचं ड्रायव्हिंग टाळा म्हणून स्पष्ट सांगितलं आणि शस्त्रक्रियेच्या यादीत नाव घातलं. नंबर कधी लागेल ते यादीलाच माहीत.

हे घरी येताना म्हणाले, "तोवर ऑपरेशन होऊन जाईल, बघ." होईलही, आणि होवो. पण प्रवासाचा बेत आज असलेल्या डोळ्यांवर करायचा, उद्या मिळतील त्या डोळ्यांवर नाही, हे मी तिथेच सांगितलं. आमच्या वयाच्या सगळ्यांना हे लागू आहे. गुडघा असो, कंबर असो, रक्तदाबाची गोळी असो. शरीर जसं आहे तसं आधी कागदावर लिहायचं, मग ठिकाणं लिहायची. आपण उलटं करतो. ठिकाणं आधी लिहितो आणि शरीराला कसंबसं त्यात बसवतो.

तारखा

अडचण अशी, की अरोरा बघायला अंधार लागतो आणि यांना अंधारात गाडी चालवायची नाही. आइसलँडमध्ये जूनमध्ये रात्र जवळजवळ होतच नाही. गाडी चालवायला उत्तम, पण अरोरा दिसणं अशक्य. डिसेंबरात उलट. रेक्याविकला दिवस जेमतेम चार-पाच तासांचा, रस्त्यावर बर्फ. दोन दिवस आम्ही जून विरुद्ध डिसेंबर असे भांडलो. लेकीनं लीड्सहून फोनवर ऐकलं आणि विचारलं, "अरोरा बघायला गाडी चालवत जायलाच पाहिजे का? मुक्कामाच्या दारात उभं राहून नाही दिसत?"

दिसतो. आकाश निरभ्र असेल आणि जवळ शहराचे दिवे नसतील तर दारातूनही दिसतो. ऑगस्टच्या अखेरीपासून रात्री पुरेशा काळोख्या होऊ लागतात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे सूर्य आठ-साडेआठला मावळतो, म्हणजे चौदा तासांच्या आसपास उजेड मिळतो. तेव्हा नियम ठरला. संध्याकाळी पाचला गाडी मुक्कामाच्या अंगणात उभी असली पाहिजे. दिवेलागणीच्या आत घरी या, हे लहानपणी ज्या आवाजात ऐकलं त्याच आवाजात मी तो सांगितला. मुक्काम शहरात न घेता गावाबाहेरच्या गेस्टहाउसात घ्यायचा, रात्री दहानंतर कोट घालून बाहेर यायचं आणि वर बघायचं. दिसला तर दिसला. आइसलँडच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर कुठे ढग आहेत, कुठे आकाश मोकळं आहे त्याचा नकाशा आणि अरोराचा अंदाज रोज मिळतो. पण ढग पन्नास किलोमीटरवर मोकळे आहेत म्हणून रात्री गाडी काढायची नाही, हेही आत्ताच ठरवून ठेवलं आहे. तिथे गेल्यावर, आणि यांचा चेहरा बघितल्यावर, ते ठरवता येणार नाही.

मग पंचांग उघडलं. हसू नका, याचा खरंच उपयोग झाला. चंद्रप्रकाशात अरोरा फिका दिसतो, त्यामुळे अमावास्येच्या आधीचे दिवस चांगले. २०२६ मध्ये गणपती १४ सप्टेंबरला आहेत, म्हणजे अमावास्या ११ तारखेच्या सुमाराला. आमच्याकडे दीड दिवसांचा गणपती असतो. तेव्हा ३१ ऑगस्टच्या बँक हॉलिडेला निघायचं आणि १० सप्टेंबरला परत यायचं. सगळ्या रात्री उतरत्या चंद्राच्या, आणि मोदकाची तयारी करायला तीन दिवस हातात. पंचांगात आणखी एक गोष्ट सापडली. १२ ऑगस्ट २०२६ ला, दिव्यांच्या अवसेला, खग्रास सूर्यग्रहण आहे आणि ते पश्चिम आइसलँडमधून दिसणार आहे. ज्यांना ते बघायचं असेल त्यांनी जरूर जावं. आमच्यासारख्यांनी त्या आठवड्यापासून लांब राहावं, कारण तेव्हा ना गाडी मिळेल ना खोली.

दुसरं नाव

भाड्याच्या गाडीचा अर्ज भरताना एक ओळ येते, 'ॲडिशनल ड्रायव्हर'. बहुतेक कंपन्या त्याचे जास्तीचे पैसे घेतात. आजवर त्या ओळीपाशी यांचा हात न थांबता पुढे जायचा. "उगाच कशाला, चालवणार तर मीच."

या वेळी मी विचारलं, "हॉफ्न आणि एगिल्सस्टाडिरच्या मध्ये तुम्हाला ताप आला तर?" नकाशावर तो टप्पा अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, मध्ये छोटी छोटी गावं. आपत्कालीन नंबर ११२ आहे, तिथली बचाव पथकं स्वयंसेवकांची आहेत आणि त्यांचं नाव जगभर आदरानं घेतात. पण नवऱ्याला कणकण आली म्हणून कुणी बचाव पथक बोलवत नाही. अशा वेळी शेजारच्या माणसाला स्टिअरिंग घेता आलं पाहिजे. आणि करारात नाव नसलेल्या माणसानं गाडी चालवली, तर विमा लागू होत नाही. म्हणजे मला गाडी येत असूनही, कागदावर मी नुसती प्रवासी.

हे काही बोलले नाहीत. लॅपटॉप माझ्याकडे वळवला. माझ्या लायसन्सचा नंबर मीच घातला.

तेवढ्यानं भागत नाही, हे मला माहीत आहे. नाव घालणं सोपं, सवय करणं वेगळं. लांबच्या रस्त्याची मला भीती नाही, सराव नाही. म्हणून एका प्रशिक्षकाकडे मोटरवेचे चार धडे घेतले. एकसष्टाव्या वर्षी छातीवर 'एल'ची पाटी लावायची गरज पडली नाही, पण शेजारी पंचविशीतला मुलगा बसून "आरसा बघा, काकू" या अर्थाचं इंग्रजी बोलत होता. आता महिन्यातून दोनदा लेकीकडे लीड्सला जाताना एम-वन मी घेते आणि हे डावीकडे बसतात. पहिल्या खेपेला यांचा उजवा पाय सगळा वेळ नसलेला ब्रेक दाबत होता. तिसऱ्या खेपेला झोप लागली. त्या झोपेइतकं मोठं प्रमाणपत्र मला दुसरं नको.

आइसलँडमध्ये तर आम्ही दोघंही सारखेच नवखे. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते, स्टिअरिंग डावीकडे. यांचा तीस वर्षांचा अनुभव आणि माझा शाळा-सुपरमार्केटचा अनुभव, दोन्ही त्या बाबतीत पहिल्या इयत्तेत. म्हणून गाडी ऑटोमॅटिक घेतली. उजव्या हातानं गिअर शोधत बसायला नको. दोन लेनच्या गोलाला तिथे आतल्या लेनमधल्या गाडीला बाहेर पडताना प्राधान्य असतं. इथल्या सवयीपेक्षा वेगळं, तेव्हा दोघांनीही पाठ करायचं. दोन तासांनी जागा बदलायची. जो चालवत नाही त्यानं वळणं आणि पाट्या सांगायच्या, चालवण्यावर मत द्यायचं नाही. हा शेवटचा नियम दोघांच्या सहीनिशी फ्रिजवर चिकटवला आहे.

टप्पे आणि कागद

टप्पे असे : विमानातून उतरल्यावर त्या दिवशी गाडी घ्यायचीच नाही, दुसऱ्या सकाळी ताज्या डोक्यानं घ्यायची. मग रेक्याविक ते विक, १९० किलोमीटर. विक ते हॉफ्न, २७०. हाच टप्पा सगळ्यात भरलेला. वाळूचं मैदान, त्या पिळलेल्या तुळया, यॉकुल्सार्लोनचं हिमखंडांचं सरोवर, सगळं इथेच. म्हणून सकाळी आठला निघायचं, आणि हॉफ्नलाच तो रिकामा दिवस. पुढे एगिल्सस्टाडिर, मग मिवात्न सरोवरापाशी दोन रात्री, मग आकुरेयरी. तिथे जाताना वाद्लाहेइदीचा बोगदा लागतो. टोलनाका नाही, पैसे ऑनलाइन भरायचे, नाही भरले तर गाडीच्या कंपनीकडून दंडासकट वसूल होतात. आकुरेयरी ते बोर्गार्नेस सव्वातीनशेच्या आत. तिथून रेक्याविक तासाभरावर.

रिंग रोडला उन्हाळ्यात साधी गाडी चालते. पण ज्या रस्त्याच्या नंबराआधी 'एफ' असतो, त्या डोंगरी रस्त्यांवर फोर-व्हील-ड्राइव्हशिवाय जायला कायद्यानंच बंदी आहे. तिथे नद्या पाण्यातून ओलांडाव्या लागतात, आणि पाण्यानं झालेलं नुकसान सहसा विम्यात बसत नाही. आम्ही त्या वाटेला जाणार नाही.

विम्याचा कागद मात्र नीट वाचा. नेहमीच्या विम्यात खडी उडून काचेला गेलेला तडा किंवा वाळू-राखेनं खरवडलेला रंग बहुधा धरलेला नसतो. त्यासाठी वेगळे विमे असतात. आणि एक नुकसान जवळजवळ कुठलाच विमा देत नाही, ते म्हणजे वाऱ्यानं उलटं वळलेलं दार. तिथला वारा दार हातातून हिसकावून बिजागऱ्या वाकवतो. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची, एका वेळी एकच दार, दोन्ही हातांनी उघडायचं. इथून वेगळा 'एक्सेस'चा विमा स्वस्त पडतो, पण त्यात पैसे आधी आपण भरून मग परत मागायचे असतात, आणि गाडीची कंपनी क्रेडिट कार्डावर रक्कम अडकवून ठेवतेच. कार्ड मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं लागतं. पेट्रोल पंप बरेचसे माणसाविना चालतात, तेव्हा कार्डाचा पिन पाठ हवा. पूर्वेकडे अर्धी टाकी झाली की भरायची.

लायसन्स इथलं फोटोकार्डाचं चालतं. भारतातून येणाऱ्या भावंडांना चालवायचं असेल, तर त्यांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा. तो वर्षभराचा असतो आणि मूळ लायसन्ससोबतच धरला जातो.

व्हिसाची गोष्ट आपल्या घरोघरी असते तशीच. यांचा पासपोर्ट ब्रिटिश, माझा अजून भारतीय. आइसलँड शेंगेनमध्ये आहे. म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी असूनही मला व्हिसा लागतो आणि यांना लागत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो आणि मुक्कामाचे पुरावेही. त्यासाठी सगळ्या खोल्या फुकट रद्द करता येतील अशाच घेतल्या आहेत. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांनीही फार खूश होऊ नये. या १२ ऑक्टोबरपासून युरोपच्या हद्दीवर त्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे.

खाण्याचं फार बोलत नाही. बाहेर खाणं महाग आहे, पण गेस्टहाउसात बहुधा सामायिक स्वयंपाकघर असतं. तांदूळ-डाळ नेली की भागतं. तिथे स्कीर म्हणून दह्यासारखा प्रकार मिळतो. मलई काढलेल्या दुधाचा, बांधून ठेवल्यासारखा घट्ट, थेट आपला चक्का. वेलची-केशराची छोटी डबी बॅगेत पहिल्यांदा गेली आहे.

फोन

पुण्याहून माझ्या नणंदबाईंचा फोन आला. बेत ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, दोघंच? या वयात? ग्रुप टूरनं जा ना. बसमध्ये बसायचं, जेवण वेळेवर." त्यांचं काही चुकीचं नाही. ज्यांना तसं जमतं त्यांनी तसं जावं. अरोरा बघायला रेक्याविकहून रात्रीच्या बसही निघतात. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका पुलावर इथल्याच भारतीय कुटुंबाच्या गाडीला भीषण अपघात झाला होता, तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी ओळखीचं कुणी नाही ना, म्हणून फोन केले होते ते मला आठवतं. त्या रस्त्याकडे मी हलकेपणानं बघत नाही.

म्हणूनच मी नणंदबाईंना ठिकाणांची यादी सांगितली नाही. पाच वाजताचा नियम सांगितला, रिकामा दिवस सांगितला, आणि करारावर दोघांची नावं आहेत म्हणून सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे तू पण चालवणार?" मी हो म्हटलं. "मला पण येत होती गं," त्या म्हणाल्या. "लग्नाआधी बाबांची फियाट मी चालवायचे. नंतर कुणी किल्ली दिली नाही, आणि मीही मागितली नाही." माझ्या नवऱ्याची सख्खी बहीण. पस्तीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं, आणि यांनाही आठवत नव्हतं.

तर हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा आमचं एवढं झालेलं असेल : तारखा पक्क्या, खोल्या धरलेल्या, गाडी दोघांच्या नावावर. व्हिसाचा अर्ज मार्चमध्ये. मोतीबिंदूचं बोलावणं येईल तेव्हा, आणि ते प्रवासाच्या तारखांवर आलं तर प्रवास पुढे जाईल, ऑपरेशन नाही. अरोरा दिसला की नाही ते पुढच्या दिवाळीत सांगेन.

तोवर एक करून बघा. दिवाळीच्या फराळाला या महिन्यात आपण सगळेच इकडून तिकडे जाणार आहोत, आणि घड्याळं मागे गेल्यावर अंधार लवकर पडतो. घरात ज्याला गाडी येते पण लांबच्या रस्त्याला जो चालवत नाही, त्याला किंवा तिला एका बाजूची फेरी द्या. आधी उजेडाची, मग अंधाराची. शेजारी बसणाऱ्यानं फराळाचा डबा मांडीवर धरावा आणि विचारल्याशिवाय बोलू नये.

सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा.